भिकूभाऊ माप घेतात

भिकूभाऊंच्या मोटारीत बसण्याआधी माप द्यावं लागे. सत्तरच्या सुमाराला लोणावळ्यात मोटार शिकवणारे ते एकटेच, असं निदान त्यांचं म्हणणं होतं. शिकणाऱ्याच्या हातात ते बांबूची हातभर कांब देत आणि दोन पावलं मागं सरत. "एक टोक छातीला, एक चाकाला." छाती आणि स्टिअरिंगचं चाक यांच्यात कांब मावली नाही तर चावी मिळत नसे.

मी एकवीस वर्षांचा होतो, धाकटी बहीण सुशी एकोणीसची. मी नुसता बसलो तरी कांब मावे. सुशीचे पाय ब्रेकला पोचत नसत म्हणून ती पुढं सरके, आणि सरकली की कांब मावेना. मग भिकूभाऊ ब्रेक-क्लचच्या पायपट्ट्यांना चामड्याच्या वादीनं लाकडी ठोकळे बांधत आणि तिला उंच बसायला गादी देत.

"मोटार गडीमानसाच्या मापानं शिवलीया, ताई. आपुन अल्टर करून घ्यायची."

आंदर मावळातून येऊन वीस वर्षं घाटात मालट्रक हाकल्यावर त्यांचा एक सिद्धांत पक्का झाला होता. "ठोकायचं काम पोरं करत्यात," माझ्याकडं बघत ते म्हणत, "आन् पोरीनं येकदा हळू ठोकली तरी लागतं तिलाच जास्त."

पहिल्या अर्ध्याचा पुरावा मी होतोच. वळवणच्या रस्त्यावर मी एका शेताचा गडगा पाडला होता आणि 'सावकाश' लिहिलेली पाटी आडवी केली होती. अंगावर ओरखडा नाही. "ह्यास्नी इमा नगं," भिकूभाऊ म्हणाले, "गावाचाच उतरवा."

दुसऱ्या अर्ध्याचा पुरावाही मीच मिळवून दिला. ते ठोकळे माझ्या बुटांना अडत, म्हणून एकदा माझ्या पाळीला मी ते सोडून डिकीत टाकले. भिकूभाऊ चावी मोटारीतच ठेवून चहाला गेले होते. सुशीची पाळी आली तेव्हा ते परत बांधायचा मला कंटाळा आला. "पुढं सरकून बस, काय होतंय," मी म्हणालो. ती चाकाला चिकटून बसली आणि बैलगाडीच्या वेगानं मोटार पुलाच्या कठड्याला लागली. शेजारी मी शाबूत. सुशीचा गुडघा फुटला आणि बरगडीला चीर गेली.

दीड महिन्यानं ती नीट चालू लागली, तेव्हा नानांनी, म्हणजे आमच्या शाळामास्तर वडिलांनी, निकाल दिला, "मुलीची मोटार बंद." चूक माझी होती, हे मी सांगून पाहिलं. "तुझं चालू राहू दे," नाना म्हणाले. "तुला काही होत नाही." सुशी आतल्या खोलीत गेली आणि तिनं दार लावून घेतलं.

रविवारी भिकूभाऊ धुतलेली टोपी घालून घरी आले. खुर्चीच्या कडेवर बसले.

"गुरुजी, धा वर्सामागं आमच्या कारभारणीला मीच शिकवत हुतो. तिनं अशीच हळू ठोकली. मला कायबी न्हाई, ती पायानं अधू झाली. मी म्हनलं, तुझं चाक बंद. ती कायबी बोलली न्हाई. अजूनबी बोलत न्हाई त्यावर. पन मी मोटार धुवाय लागलो की दारात येऊन हुबी ऱ्हाती." टोपी काढून त्यांनी गुडघ्यावर ठेवली. "ठोकळे मला मागनं सुचले. तिला बस म्हनायची लाज वाटती आता. ताईंचं बंद करू नका."

नाना आत बघून म्हणाले, "सुशे, भाऊंना चहा टाक." आमच्या घरात होकार असाच द्यायची पद्धत होती.

सुशीला पहिल्या खेपेत लायसन मिळालं. मला तिसऱ्या. तिला लायसन मिळालं त्याच दुपारी ती मला बसवून भिकूभाऊंची मोटार त्यांच्या दारात घेऊन गेली. त्यांच्या कारभारणीला, हिरामावशींना, तिनं पुढं बसवलं, आम्हा दोघा पुरुषांना मागं. वळवणच्या पुढं मोकळ्या माळावर तिनं मोटार थांबवली, उतरली आणि म्हणाली, "मावशी, सरका इकडं."

हिरामावशी अधू पाय हातानं उचलून सरकल्या आणि चाकामागं बसल्या. भिकूभाऊ लगबगीनं दार उघडून पुढं यायला निघाले.

"तुमी मागंच बसा," मावशी वळूनही न बघता म्हणाल्या. "मला ताई शिकीवतीया."

भिकूभाऊंनी दार परत ओढून घेतलं आणि सुशी मावशींशेजारी येऊन बसली. मोटारीनं पहिला हिसका दिला, तसा भिकूभाऊंनी माझा हात घट्ट धरला. माळ संपेपर्यंत सोडला नाही.