राखीव, पण वापरात नाही

भांडारकाका ऑफिसला निघाले तेव्हा बायकोने प्रवासाची बॅग बरोबर उंबऱ्यात आडवी ठेवली होती. येता-जाता ठेच लागावी आणि रजेची आठवण राहावी, एवढाच हेतू.

"उद्या दुपारी निघायचंय," ती म्हणाली. "समुद्राकाठचं ते घर मिळावं म्हणून गेल्या वर्षीच तुमच्या मागे लागून धरून ठेवायला लावलंय. आयत्या वेळी काम काढलंत तर मी एकटी जाईन."

"कसलं काम? आज सगळं आवरतंय."

"आणि माझ्या आईला यातलं अक्षर कळू देऊ नका. लग्न झाल्यापासून आपण दोघंच असे कुठे गेलोय, सांगा बरं."

काकांनी आठवून पाहिलं. एकदा दोघंच गेले होते, पण ते दातांच्या डॉक्टरकडे. ते बॅग ओलांडून बाहेर पडले.

काकांच्या ऑफिसात कार्टूनपट बनत. पूर्वी तिथल्या भांडाराची किल्ली त्यांच्याकडे असे. खुर्च्या, दिवे, कागद, रंग, सगळं त्यांच्या ताब्यात. नाव तेव्हापासून चिकटलेलं. पुढे रंग गेले, कागद गेला, आणि सगळं काम क्लाउडवर चढलं. म्हणजे दूर कुठल्यातरी इमारतीत दुसऱ्याची यंत्रं असतात आणि आपण ती इथे बसून वापरतो. त्याला ढग का म्हणतात, ते विचारू नये. ऐन वेळी यंत्र मिळालं नाही तर पंचाईत, म्हणून प्रत्येक विभाग थोडी यंत्रं आधीच आपल्यासाठी राखून ठेवी. मग ती वापरा नाहीतर नुसती बघत बसा, भाडं चालूच. काकांच्या वरिष्ठ मॅडमचं म्हणणं असं, की माल तो माल. कपाटात असो नाहीतर ढगात, मोजायचा भांडारकाकांनी. आणि काका रजेवर जायच्या आधी ही मोजदाद त्यांना टेबलावर हवी होती.

काकांनी आधी सरळ विचारून पाहिलं होतं. पण रुमाल टाकून जागा धरणाऱ्याला "ही रिकामी आहे का हो?" म्हणून विचारलं तर तो काय सांगणार? सगळ्या विभागांचं एकच उत्तर, "आमची सगळी वापरात आहेत." काही यंत्रं तर अशी, की ज्याने राखली तो नोकरी सोडून गेला आणि ती बिचारी अजून त्याच्या वाटेकडे डोळे लावून उभी.

तेव्हा काकांनी एक प्रोग्रॅम लिहिला आणि त्याचं नाव ठेवलं शिपाई. शिपायाने आपणहून प्रत्येक खात्यात शिरायचं, जिथे 'राखीव' असा शिक्का दिसेल तिथे वस्तूची नोंद करायची, आणि ती पडून असेल तर मालकाला चिठ्ठी धाडायची: 'ही वस्तू आपल्या नावावर राखीव आहे, पण वापरात नाही. हवी असल्यास उद्या सकाळपर्यंत कळवा. न कळवल्यास सोडून देण्यात येईल.'

शिपायाला आत शिरायला परवानगी लागे. वेगळी काढायची तर मॅडमची सही हवी, आणि मॅडम सहीच्या आधी तासभर समजून घेत. काकांनी आपली स्वतःचीच परवानगी त्याला देऊन टाकली. घरच्या गड्याच्या हाती किल्ल्यांचा जुडगा द्यावा तशी. जुडग्यात कुठकुठल्या किल्ल्या आहेत, हे मात्र पाहायचं राहिलं. शिवाय चिठ्ठ्यांच्या ढिगात नेहमीची पत्रं हरवू नयेत म्हणून शिपायाचं प्रत्येक पत्र आपल्याला न दिसता परस्पर बाजूला पडावं, अशीही सोय त्यांनी करून ठेवली.

शिपाई कामाला लागला आणि पहिल्याच फेरीत त्याने कुणाच्या ध्यानीमनी नसलेली यंत्रं धुंडाळून काढली. मॅडम खूश झाल्या. काका चहा घ्यायला उठले, तोच बदकाच्या चित्रपटाची प्रमुख बाई आली.

"काका, आमच्या यंत्रांना निकामी म्हणालात म्हणे."

"निकामी नाही. वापरात नाहीत, एवढंच."

"आता जाऊन बघा, आहेत."

काकांनी पाहिलं. खरंच होती. त्या सगळ्या यंत्रांवर बदक तळ्याच्या या काठावरून त्या काठावर पोहत जात होतं आणि पुन्हा पहिल्यापासून निघत होतं.

"हे कुठल्या प्रसंगात आहे?"

"कुठल्याच नाही. पण पोहतंय ना?"

तिचं पाहून इतर विभागांनीही आपापली यंत्रं जुंपली. एकाने आकाशातले ढग एकेक करून पुन्हा रंगवायला घेतले. एरवी कामाच्या दिवशीही चालत नसतील इतकी यंत्रं त्या दिवशी धावत होती. एवढ्यात मॅडमचं बोलावणं आलं.

"भांडारकाका, माझी गाडी लावायची जागा वापरात नाही, असं मला कळवलंय. ते कुणी?"

गाड्यांच्या जागा, बैठकीची खोली, खुर्च्या, सगळ्यांवर पूर्वी त्यांनीच 'राखीव' शिक्के मारले होते. जुडग्यात त्याही किल्ल्या होत्या.

"मॅडम, हल्ली तुम्ही चालत येता, म्हणून त्याला तसं वाटलं असेल. मी त्याला थांबवतो."

"थांबवायचं नाही. कोण उत्तर देत नाही ते मला बघायचंय. मी ड्रायव्हरला सांगितलंय. रोज सकाळी गाडी आणून उभी करेल आणि संध्याकाळी घेऊन जाईल. मी आपली चालतच येईन."

काका बाहेर आले तर बैठकीच्या खोलीत चारजण बैठक नसताना गंभीर तोंडं करून बसले होते. आणि काकांचा फोन वाजत होता.

"जावईबापू," सासूबाई म्हणाल्या. आवाज थंड होता. "मला चिठ्ठी आलीय. माझ्या नावावरची वस्तू वापरात नाही, म्हणून सोडून देणार आहात."

"कुठली वस्तू, आई?"

"तुमच्या घरातली मागची खोली."

पाहुण्यांचा घोळ होऊ नये म्हणून बायकोने घरच्या कॅलेंडरात 'आईची खोली, राखीव' असं लिहून ठेवलं होतं, आणि ते कॅलेंडर काकांच्याच खात्याला जोडलेलं.

"आई, ते मी नाही लिहिलं. शिपायाने लिहिलं."

"आता घरातलं बोलायला शिपाई ठेवलात?"

"तो खरा शिपाई नाही हो. तो आपोआप..."

"आपोआप कुणाला काही सुचत नसतं. कुणीतरी शिकवावं लागतं. मी त्याला कळवलंय, खोली हवी आहे. आणि नुसतं कळवून भागायचं नाही, उद्या येतेच. ट्रंक घेऊन." इथे त्यांनी श्वास घेतला. "खरं तर मला चार दिवस समुद्रावर जायचं होतं. तिथल्या एका घरासाठी कधीची नाव लावून बसलेय. पण कुणीतरी मेल्याने ते वर्षभर आधीच अडवून ठेवलंय. स्वतः जातात की नाही देव जाणे, दुसऱ्यालाही जाऊ देत नाहीत. त्यांच्याकडे पाठवा तुमचा शिपाई."

काका म्हणाले, "हो, अशी असतात माणसं."

घरी गेल्यावर त्यांनी बायकोला आईच्या येण्याचं सांगितलं. ती म्हणाली, "आई आली की आपण निघू. तिने खोली वापरावी, आपण समुद्र वापरू. तिला सांगू, तुमच्या ऑफिसचं काम आहे." काकांना हायसं वाटलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मॅडमनी शिपायाचा अहवाल उघडला आणि त्यांचा चेहरा पडला.

"सगळ्यांनी 'हवी' म्हणून कळवलंय. एकही यंत्र रिकामं नाही. म्हणजे आहेत ती पुरत नाहीत. आणखी राखायला हवीत."

"मॅडम, त्यातली पुष्कळ बदक..."

"थांबा. एक वस्तू सोडलीय. एकाच माणसाने उत्तर दिलं नाही. कोण हा बेफिकीर?" त्यांनी चष्मा सारखा केला. "समुद्राकाठचं घर. राखल्यापासून वर्षभरात एकदाही वापर नाही. मालक, भांडारकाका."

काकांनी ते घर ऑफिसच्याच खात्यावरून धरलं होतं. चिठ्ठी त्यांनाही आली होती, आणि त्यांनीच केलेल्या सोयीप्रमाणे परस्पर बाजूला पडली होती. त्यांनी लगोलग त्या घराची नोंद उघडून पाहिली. घर सुटल्याबरोबर रांगेतल्या पहिल्या माणसाला गेलं होतं.

"उत्तम काम करतो हा," मॅडम म्हणाल्या. "याला रोज फिरू द्या."

काका घरी पोचले तेव्हा दारात टॅक्सी उभी होती. बायको बॅगेवर बसली होती. मागच्या खोलीत ट्रंक होती आणि ट्रंकेशेजारी सासूबाई, पण ट्रंक अजून बांधलेलीच.

"अगं," काका बायकोला हळूच म्हणाले, "ते घर गेलं."

"कळलं मला."

"तुला कसं कळलं?"

"जावईबापू," आतून आवाज आला, "टॅक्सी थांबवून ठेवलीय, कपडे बदलत बसू नका. त्या समुद्रावरच्या माणसाला सुबुद्धी झाली. सकाळी घर माझ्या नावावर आलं. एकटी कुठे जाऊ, म्हटलं तुम्हा दोघांना घेऊन जावं. तुम्ही तरी कुठे जाता कधी?" त्या बाहेर आल्या आणि त्यांची नजर बॅगेवर गेली. "हे काय, भरलेली बॅग? कुठे निघाला होतात?"

नवरा-बायकोने एकमेकांकडे पाहिलं.

"तुझ्याकडेच," बायको म्हणाली.

सासूबाईंना इतकं बरं वाटलं की त्यांनी बॅग स्वतः उचलली.

टॅक्सीत सासूबाई खिडकीशी, बायको दुसऱ्या खिडकीशी आणि काका मध्ये, मांडीवर ट्रंक. गाव मागे पडलं. सासूबाई त्या अनोळखी सज्जनाचं भलं चिंतत होत्या, बायको खिडकीबाहेर पाहत होती, पण तिचे खांदे हसण्याने हलत होते. एवढ्यात सासूबाईंचा फोन किणकिणला. त्यांनी चष्मा लावून मोठ्याने वाचलं.

"ही वस्तू आपल्या नावावर राखीव आहे, पण वापरात नाही."

शिपायाचा रोजचा फेरा सुरू झाला होता. सासूबाईंनी फोन जावयाच्या हातात दिला.

"लिहा त्याला. हवी आहे. आणि खाली लिहा, समुद्रावरून आल्यावर ती खोली चांगली महिनाभर वापरणार आहे."

ट्रंक सांभाळत काकांनी एका बोटाने ते लिहिलं.