मोघे काकांच्या गाडीचा ताप

आमचे शेजारी मोघे काका एकवेळ माणसांशी गोड बोलतील, पण गाडीच्या सेन्सरला शिव्या घातल्याशिवाय त्यांची सकाळ होत नाही. "थापाड्या! परत खोटं बोलतोस?" असा ओरडा त्यांच्या ड्राइव्हवेतून आला की आमच्या अख्ख्या स्ट्रीटला कळतं, काका बॉनेटमध्ये डोकं घालून उभे आहेत.

गाडी चाळीस वर्षांची. नलूकाकू तिच्यावरच ड्रायव्हिंग शिकल्या. आता काकूंची फुप्फुसं पार नाजूक झालीत. जुन्या कार्बुरेटरच्या पेट्रोलच्या वासाने त्या खोकून खोकून बेजार व्हायच्या, म्हणून दोन वर्षं गाडीत बसलेल्याच नाहीत. "इलेक्ट्रिक घ्या की," म्हटलं तर काका अंगावर येतात. "नलू ह्याच गाडीत बसेल! वास न येता बसेल!"

मग कार्बुरेटर उपटला, अमेरिकेहून फ्युएल इंजेक्शनचा किट मागवला आणि स्वतःच जोडला. सेन्सर सांगणार इंजिन किती तापलंय, त्यावरून कॉम्प्युटर पेट्रोल सोडणार, गार असेल तर जास्त, तापलं की कमी. सोपं आहे म्हणे. डोंबल सोपं! वास दुप्पट झाला. पेट्रोल जास्त झालं की काकांच्या भाषेत इंजिन "माजतं", कमी पडलं की "उपाशी मरतं". गेले सहा महिने ते नुसतं माजलेलं आहे.

गेल्या रविवारी माझ्या वाळत घातलेल्या चादरींना पेट्रोलचा वास लागला आणि माझं डोकंच फिरलं. तशीच चपला अडकवून गेले. "काका, पुरे झाला हा तमाशा!"

"माझ्यावर काय ओरडतेस? ह्या नालायकावर ओरड! इंजिनाला हात लावलास तर फोड येईल, तरी हा पेट्रोल ओततोय!" त्यांनी लॅपटॉप माझ्या नाकासमोर धरला. "बघ, इंजिनाचं तापमान ऐंशी! सेन्सरच्या तक्त्यात मी स्वतः भरलेत आकडे."

"ऐंशी हा काय ताप झाला?" मी खेकसले. "ताप म्हणजे शंभरच्या पुढे! अठ्ठ्याण्णवच्या खाली तर अंग गारच असतं!"

काकांनी लॅपटॉप झटकन स्वतःकडे वळवला. किट अमेरिकेचा, त्याला हवं होतं फॅरनहाइट. ह्यांनी भरलं होतं सेल्सियस. चटके देणारं इंजिन गारठलंय असं समजून कॉम्प्युटर त्याला पेट्रोल पाजत होता. आणि हा माणूस जन्मभर इंजिनियर!

"गाढव आहे मी," काका म्हणाले. मी अजिबात नाही म्हटलं नाही.

आकडे बदलले. धूर विरला, वासही गेला. काका घरात गेले आणि काकूंना हात धरून घेऊन आले. पुढच्या सीटवर बसवलं, गुडघ्यांवर शाल घातली. स्वतः स्टिअरिंगवर बसले, पण लॅपटॉपकडे बघेचनात. काकूंच्या श्वासाकडे बघत राहिले. एक मिनिट गेलं. दोन गेली. काकू खोकल्या नाहीत. काकांचा खालचा ओठ थरथरायला लागला. दोन वर्षं हा माणूस मनातून घाबरलेला होता आणि मी त्याला भांडकुदळ समजत होते. मला माझाच संताप आला.

"अहो, रडताय काय?" काकू म्हणाल्या. "गिअर टाका."