गुलाबकाकांची पाहणी

गुलाबकाकांकडून गॅसची शेगडी विकत घेता येते, पण ती आपली झाली असं समजू नये. आपण ती पिशवीत घालून घरी आणतो आणि मग दर पंधराव्या दिवशी काका दारात उभे असतात. "बरी हाये ना?" असं ते विचारतात. चौकशी शेगडीची असते.

काका सावरगावात एकटेच राहतात. दुकान पूल ओलांडून पांढुर्ण्यात, म्हणजे टिनाचे चार पत्रे आणि दोन फळ्या. नागपूरच्या हौशी मंडळींनी सहलीसाठी घेतलेल्या, एकदा चहा करून माळ्यावर टाकलेल्या छोट्या शेगड्या आणि गॅसचे कंदील ते आणतात, दुरुस्त करतात. घेणारे म्हणजे संत्रातोडीला बागेत मुक्काम करणारे, किंवा माझ्यासारखे बदलीवर आलेले मास्तर. सौसरहून इथे आलो तेव्हा आमच्या घरात चूल म्हणून काकांकडची एक छोटी शेगडीच होती.

गिऱ्हाइकाची मुलाखत घेतल्याशिवाय काका माल देत नाहीत. मोहगावच्या एकाने लग्नाच्या फोटोंसाठी कंदील मागितला. काकांनी तो उचलून मागे ठेवला. "हा उजेड पाडाले बनला, लटकवून फोटो काढाले नाई."

पाहणीला येताना त्यांच्या पिशवीत साबणाची वडी, जुना दातांचा ब्रश आणि पिन असते. नळीच्या जोडावर साबणाचा फेस लावून ते टक लावून बसतात. तोवर घरात कुणी बोलायचं नाही. एकदा मी शिंकलो तर त्यांनी फेस पुसून पहिल्यापासून सुरुवात केली.

"बुडबुडा नाई. जीव शाबूत हाये," ते शेवटी म्हणतात. "आता हिच्यावर चहा मांडा. चहाबिगर ज्योत समजत नाई."

मग चहा पिता पिता मुलीचा पेपर कसा गेला, बायकोचा गुडघा कसा आहे, सगळं विचारून होतं. एका शेगडीसाठी तर ते बसने रामाकोन्याला जायचे.

"शेगडी आणली का तिचा बापही संग आणला?" बायको मला विचारायची.

पुढे घरात मोठा गॅस आला. यंदा दिवाळीच्या साफसफाईत बायकोने छोटी शेगडी माझ्या हातात दिली आणि मी ती दुकानात घेऊन गेलो.

"काका, आता वापर नाही. पैसे नकोत, तशीच ठेवून घ्या."

त्यांनी ती उलटीपालटी केली, बर्नर पुसला आणि माझ्याकडे परत सरकवली. "राहू द्या घरीच."

"अहो, पण नुसती पडून असते."

ते माझ्याकडे न बघता फळीवरच्या एका शेगडीकडे बघत होते. "हे रामाकोन्याची. वापस आली. ते घर मले सुटलं." मग हळूच म्हणाले, "सरजी, शेगडी वापस आली तं मी तुमच्या घरी कोणत्या कामानं येऊ?"

"असेच या की!"

"असं कोणी येत असते काय?"

मला माझीच लाज वाटली. शेगडी घेऊन घरी आलो. बायको ओरडेल असं वाटलं होतं. तिने सगळं ऐकून घेतलं, शेगडी पुसली आणि ओट्यावर मोठ्या गॅसच्या शेजारी मांडली.

पंधराव्या दिवशी काका आले. फेस लावला. बुडबुडा नव्हता. चहा ठेवला. ज्योत निळीशार होती.

"काका," बायको गंभीरपणे म्हणाली, "मले तं ज्योत पिवळी दिसून राहिली."

काकांनी वाकून बघितलं. बराच वेळ बघितलं. मग डोळ्यांवरून उपरण्याचं टोक फिरवलं.

"हो बाई," ते म्हणाले, "आता दर आठवड्याले पाहा लागन."