तरंगता ब्रिज आणि अडून बसलेला कावळा

मुलांनो, टेकवायची सोय असताना एखादी वस्तू तरंगती का ठेवावी? एका जंगलात मी हे सगळ्यांना विचारलं. शेवटी मलाच शोधावं लागलं.

मी वानर. माझा लखूदादा इलेक्ट्रिक गिटार वाजवायचा. वीज काजवे पुरवायचे. तारा जिथे अडकवतात त्या पट्टीला ब्रिज म्हणतात. दादाने तो लाकडाला न टेकवता तरंगता ठेवला होता. पुढून तारा ओढायच्या, मागून स्प्रिंगा.

एकदा त्याने नव्या तारा चढवल्या. सुरात लावायच्या राहिल्या. त्याच दिवशी त्याच्याखालची फांदी तुटली.

दहाव्याला नदीकाठी पिंड ठेवले. कावळा आला आणि नुसता बसून राहिला.

"शिव की बाबा," हत्तीआजोबा म्हणाले.

"त्याची इच्छा राहिलीय. ओळखा. मी सांगणं नियमात बसत नाही," कावळा म्हणाला.

म्हणजे तोवर माझा दादा वाटेतच ताटकळणार.

"गिटार लावायची राहिलीय!" मी ओरडलो.

लगेच समिती नेमली. सहा तारा, सहा सभासद. अस्वलाने जाडी तार सुरात आणली. मग कोल्ह्याने आपली पिळली. तशी अस्वलाची उतरली.

"माझी कोणी उतरवली?"

"मी हात तरी लावला का?"

"मग काय, आपोआप उतरली?"

"तुझी आहे, तुलाच ठाऊक!"

दुपारपर्यंत प्रत्येकाची तार चार-चारदा सुरात आली. सगळ्या मिळून एकदाही नाही. मुंग्या पिंडाकडे बघू लागल्या.

"एक तार ओढली की ब्रिज कलतो. मागच्या स्प्रिंगा बघा ना," मी म्हणालो.

"इयत्ता?" साळिंदरकाकांनी विचारलं.

"दुसरी. अर्धी."

"मग बस तिकडे."

मी बसलो नाही. गिटार हिसकावली. तुटलेल्या फांदीची एक ढलपी तासून पाचर केली. गिटारीच्या मागचं झाकण उघडलं आणि ब्रिजचा जो ठोकळा आत उतरलेला असतो त्याच्यामागे ती ठोकली.

"अरे, मोडशील!"

"मोडली तर माझ्या दादाची मोडेल!"

आता ब्रिज हलेना. सहाही तारा लावल्या. मग मागची ओढ तारांच्या ओढीइतकी होईपर्यंत स्प्रिंगांचे स्क्रू थोडे थोडे आवळत गेलो. टप्. पाचर आपणहून खाली पडली. ब्रिज सरळ तरंगत राहिला.

"समितीच्या परिश्रमांना यश आलं!" हत्तीआजोबांनी जाहीर केलं. अस्वलाने कोल्ह्याला हार घातला.

कावळा तरी हलेना. मी तारा छेडून ब्रिजला जोडलेली दांडी दाबली. सगळे सूर खाली गेले. सोडली. सगळे होते तिथे परत आले.

दादा सोडून सगळे.

कावळा शिवला.

तात्पर्य: मुलांनो, सगळ्यांनी मिळून काम करू नये, बिघडतं. मोठी माणसं समजावत असतील तेव्हा त्यांच्या हातातली वस्तू हिसकावून घ्यावी. आणि काम झालं की पाचर जपून ठेवत बसू नये. मी ती दादाच्या पिंडामागून नदीत सोडली. बुडाली नाही. तरंगत गेली.