दोन्ही कानांवरून पदर

तीर्थपुरीहून अंकुशनगरला निघायच्या आधी गिरिजाबाईंनी आरशात तीनदा पाहिलं. चेहऱ्याचं त्यांना काही पडलेलं नव्हतं. उजव्या कानामागचं ऐकायचं मशीन पदराखाली पुरतं झाकलं का, तेवढंच पाहायचं होतं. मोतीबिंदू दाखवायच्या निमित्तानं जालन्याला जाऊन त्यांनी ते गुपचूप आणलं होतं आणि आठ दिवसांत घरात कोणाला पत्ता लागू दिला नव्हता. मशीन कसं वापरायचं, काय टाळायचं, हे दुकानदारानं नीट समजावून सांगितलं होतं. फक्त ते त्यानं मशीन कानात बसवायच्या आधी सांगितलं होतं.

घरात त्यांचा पदर अर्ध्या डोक्यावर असे. पण आज नात रूपालीच्या सोयरिकीसाठी घर पाहायला जायचं होतं. व्याही होऊ घातलेल्या माणसासमोर दोन्ही कानांवरून घट्ट पदर घ्यायचा, ही त्यांची चाल. ती त्यांनी साठ वर्षं पाळली होती आणि सुनेकडून वीस वर्षं पाळून घेतली होती.

मुलगा राजानंद. माईक-स्पीकर भाड्यानं द्यायचा, मोडलेले दुरुस्त करायचा. विहारातल्या कार्यक्रमात रूपाली भाषणाला उभी राहिली, तेव्हा माईकची उंची यानंच नीट करून दिली होती. तिथून पोरीच्या मनात तो बसला तो बसलाच. गिरिजाबाईंना मात्र नात नोकरीवाल्याच्या घरी द्यायची होती. त्यांच्या शब्दाबाहेर घरात कोणी पाणीसुद्धा प्यायचं नाही. "घर पाहून येते, मंग सांगते," एवढंच त्या बोलल्या होत्या, आणि रूपालीचं जेवण त्या दिवसापासून अर्ध्या भाकरीवर आलं होतं.

"जय भीम, मावशी. या, बसा," मुलाचे वडील रामकिसन म्हणाले. साखर कारखान्यात मशीनवर तीस वर्षं काढलेला माणूस. मुलाची आई साळूबाई, तिनंही डोक्यावरून घट्ट पदर घेतलेला. गिरिजाबाईंना बरं वाटलं. त्या खुर्चीत बसल्या, शेजारी सून उषाबाई बसली. गिरिजाबाईंनी पदर आणखी ओढून कानावर दाबला.

आणि शिट्टी वाजली.

बारीक, लांबलचक, सुईसारखी. ती वाजत होती गिरिजाबाईंच्याच पदराखाली. पण मजा अशी की इतका बारीक आवाज मशीन लावूनही त्यांच्या कानाला लागत नव्हता. त्यांना दिसलं ते एवढंच की, रामकिसन बोलता बोलता थांबले, उषाबाईनं छताकडं पाहिलं आणि कोपऱ्यात बसलेल्या राजानंदनं चटकन आईकडं पाहून डोक्यावरून हात फिरवत काहीतरी खूण केली. साळूबाईनं पदर सारखा केला.

आईला पदर नीट घ्यायला सांगतोय, पोरगं वळणाचं दिसतं, असं गिरिजाबाईंच्या मनात आलं.

"कुकर लावलाय का गं?" रामकिसननं विचारलं.

साळूबाई लगबगीनं आत गेली आणि गॅस बंद करून आली. शिट्टी चालूच. मग सगळ्यांचे मोबाईल बंद झाले. उषाबाईनं आपला फोन पिशवीत घातला, पिशवी बाहेर ओट्यावर ठेवली आणि पुन्हा छताकडं पाहत बसली.

गिरिजाबाई चक्रावल्या. या घरात पाहुणा आला की छताकडं बघायची पद्धत आहे की काय? आणि आपली सूनही त्यांच्यातलीच झाली?

"काय शोधून राह्यले तुम्ही?" त्यांनी शेवटी विचारलं.

"शिट्टी, मावशी. कव्हाची वाजून राह्यली. तुम्हाला न्हाई का ऐकू येत?" रामकिसन म्हणाले.

हा प्रश्न त्यांना दोन वर्षांपासून कोणीही विचारला की त्यांच्या अंगाची आग व्हायची.

"मला न ऐकू यायला काय झालं?" त्या म्हणाल्या. "आल्यापासून ऐकून राह्यले. म्हटलं, लोकाच्या घरी कामून बोलावं." मग कुठं तरी बोट दाखवणं भाग होतं. कोपऱ्यात टेबलावर झाकण उघडलेला ॲम्प्लिफायर होता. "त्या डबड्यातून येती."

"न्हाई वो मावशी," साळूबाई ठामपणे म्हणाली, "खिडकीतून येती."

"डबड्यातून."

"मला बिलकुल बराबर ऐकू येतंय. खिडकीतून."

"साळूबाई, माझे कान अजून शाबूत हायत."

"मंग माझे काय गहाण हायत?"

सोयरीक पानसुपारीच्या आधीच मोडायला आली. उषाबाईच्या डोळ्यांपुढं अर्धी भाकरी घेऊन बसलेली लेक उभी राहिली. "दोन्हीकडून येत असंल," ती पुटपुटली, पण दोघींपैकी कोणीच ते ऐकलं नाही.

राजानंद उठला. "आजी, ह्या डब्याचं तोंडच तुटलंय. ह्याला स्पीकरच जोडलेला न्हाई. पण तुमचं म्हणणं बराबर हाय, शिट्टी अशाच मशीनमधून येती."

"मंग करतं काय हे?" गिरिजाबाईंनी परीक्षाच घ्यायचं ठरवलं. "पोरगी द्यायची तर कळू दे धंदा."

त्यानं तीन पायांचा एक काळा दाणा तळहातावर ठेवला. "हा ट्रान्झिस्टर. ह्याला कालव्याचं दार समजा. दाराचं चाक माणूस जरासं फिरवतो आन् केवढं पाणी सुटतं. ते पाणी काय त्याच्या मनगटातून येत न्हाई, धरणातून येतं. तसं माईकमधला बारीक आवाज नुसतं चाक फिरवतो. जोर लाइटचा. म्हणून आवाज मोठा होतो."

"आन् शिट्टी?"

"सुटलेल्या आवाजातला थोडा परत माईकमध्ये शिरला, की तो पुन्हा मोठा होतो, पुन्हा शिरतो. झोक्याला दर फेरीला बराबर वेळेवर धक्का द्यावा तसं. मंग बाहेरून कोणी बोलायची गरजच न्हाई. मशीन आपल्याच आवाजावर ओरडत बसतं. काही मशीन मुद्दाम तसंच बनवतात, त्याला ऑसिलेटर म्हणतात. पण ऐकायच्या मशीनचं तसं झालं तर बिघाड."

"म्हणजे कोणाचं ऐकायचं न्हाई, आपलंच दामटत राह्यचं," गिरिजाबाई म्हणाल्या. "अशी माणसं बी असतात."

उषाबाईला अचानक खोकला आला.

समजावं म्हणून राजानंदनं कपाटातला दुसरा सेट लावला आणि माईक स्पीकरसमोर धरला. घर फाटेल अशी किंकाळी निघाली. अंगणातलं कुत्रं पळालं. ही मात्र गिरिजाबाईंना स्वच्छ ऐकू आली.

"हीच," त्या विजयानं म्हणाल्या. "हीच कव्हाची वाजून राह्यली."

"हीच," साळूबाईही त्याच क्षणी म्हणाली. पहिल्यांदाच दोघींचं एकमत झालं.

रामकिसननं दोघींकडं पाहिलं. "ही? ती तर डासासारखी बारीक हाय. आता बी वाजून राह्यली." त्यांना राग येऊ लागला होता. तीस वर्षं मशीनचा नुसता आवाज ऐकून ते बिघाड सांगायचे, आणि आज घरातली शिट्टी सापडत नव्हती. ते तावातावानं उठले आणि मेन स्विच पाडला.

पंखा थांबला. शिट्टी मात्र थांबली नाही.

"लाइट न्हाई तरी वाजतंय," ते हताशपणे म्हणाले. "आता हे कशावर चालतंय?"

खोलीत उकाडा दाटला. गिरिजाबाईंनी पदराच्या टोकानं कपाळ पुसलं, मग कानशील, मग मान. हात कानाजवळ गेला की शिट्टी चढायची, दूर गेला की उतरायची. त्यांना वाटलं, आपण घाम पुसतोय. बाकीच्यांना वाटलं, भूत बासरी वाजवतंय.

राजानंद मात्र त्यांच्या हाताकडं टक लावून पाहत होता. मग तो हसल्यासारखा झाला, पण हसला नाही. बंद डब्यासमोर जाऊन बसला आणि पाठमोराच म्हणाला, "आई, गरम लय होतंय. तू पदर मागं घे कानामागं, आन् आजींना बी घेऊ दे. आपल्या घरात माणसांसमोर कोणाला डोकं झाकायची सक्ती न्हाई. कान मोकळे राह्यले की वारं लागतं. आवाज बी कोंडत न्हाई."

शेवटचं वाक्य त्यानं जरा सावकाश म्हटलं.

गिरिजाबाईंच्या तोंडावर उत्तर आलं होतं, साठ वर्षांच्या चालीचं. पण तेवढ्यात कोंडलेला आवाज, पुन्हा आत शिरणारा आवाज, ऐकायचं मशीन, असं सगळं त्यांच्या डोक्यात एकापुढं एक येऊन उभं राहिलं. साळूबाईनं आधी पदर मागं सारला. मग हळूच गिरिजाबाईंनीही सारला.

शिट्टी थांबली. राजानंदनं डब्यातला एक स्क्रू फिरवला. "झालं दुरुस्त."

"लाइट बंद असताना?" रामकिसननं विचारलं.

"हो."

मुलगा आपल्याहून पुढं गेला, असं मानून तीस वर्षं मशीनवर काढलेला माणूस स्विच चालू करायला गेला.

आता दोघी बायका समोरासमोर होत्या. साळूबाईच्या डाव्या कानामागं, केसांच्या आडून, हरभऱ्याच्या घाट्याएवढं काहीतरी गव्हाळ रंगाचं दिसत होतं. गिरिजाबाईंनी ते पाहिलं. साळूबाईची नजर त्यांच्या उजव्या कानामागं अडकली होती.

"साळूबाई," गिरिजाबाई म्हणाल्या, "शिट्टी तुम्हाला खिडकीतून ऐकू आल्ती ना?"

"हो. तुम्हाला डबड्यातून?"

"हो."

"बंद झाली वाटतं."

"झाली असंल."

साळूबाईनं आत जाऊन कुकर पुन्हा लावला. जेवायला वाढताना दोघी एकमेकींशी इतक्या मोठ्यानं आणि इतक्या गोडीनं बोलत होत्या की, उषाबाई पुन्हा छताकडं पाहू लागली.

संध्याकाळी रूपाली दारातच उभी होती. "आज्जी, काय ठरलं?"

"द्यायची," गिरिजाबाई म्हणाल्या. पदर कानामागंच होता. "पोरगं हुशार हाय. चारचौघांत काय बोलायचं न्हाई, ते त्याला कळतं. आन् तुझ्या सासूला हळू बोललेलं ऐकू येत न्हाई. सुखात राहशील."

रूपालीनं आईकडं तोंड फिरवलं आणि ओठ न हलवल्यासारखं पुटपुटली, "आई, हिला तरी कुठं ऐकू येतं?"

"मला समदं ऐकू येतं," गिरिजाबाई चपला काढता काढता म्हणाल्या, आणि माय-लेकी जागच्या जागी गार झाल्या.