रानशेतचं कृष्णविवर

रानशेतच्या शाळेत तुषार सरांना कृष्णविवर हवं होतं. त्याचा पहिला फोटो नुकताच पेपरात आला होता आणि विज्ञान प्रदर्शनाला जिल्ह्याहून मॅडम येणार होत्या. मोठी, गोल आणि पोकळ अशी वस्तू गावात एकच होती: लहान्याची भात साठवायची कणगी. त्याची बायको नवशी हिने मरण्याआधी ती शेणाने आतून-बाहेरून सारवली होती.

"काका, संध्याकाळी परत," सर म्हणाले.

रिकामी कणगी घराबाहेर काढत नाहीत, म्हणून लहान्याने तळाशी पसाभर भात टाकला. सरांनी शाळेत नेऊन बाहेरून काळा रंग फासला. विचारलं नाही. विज्ञानात परवानगी लागत नसावी. आतले नवशीच्या बोटांचे फराटे शाबूत राहिले, एवढंच.

कणगी आडवी ठेवून सर सांगू लागले, "कृष्णविवरात गेलेलं बाहेर येत नाही. बाहेरून कळतं फक्त वस्तुमान, विद्युतभार आणि फिरणं. पण काही शास्त्रज्ञांना वाटतं, त्याला छुपे भारही असतात. आत काय पडलं, त्याची खूण ते जपतात."

तेवढ्यात शाळेशेजारच्या बायजीची कोंबडी भात बघून आत शिरली. तिच्यामागे कोंबडा. दोघांना काढायला बायजी कमरेपर्यंत आत गेली. कणगी गरगरा लोळू लागली.

"फिरणं उत्तम दाखवलंत," मॅडम म्हणाल्या.

आतून बायजी ओरडली, "ओ सर, हितं भात हाय!"

"आणि आतली माहिती बाहेर! वा! हे मॉडेल जिल्ह्याला जाणार."

टाळ्या पडल्या. सर लाजले. बायजी कोंबड्या घेऊन बाहेर आली आणि कडेला उभा असलेला लहान्या आत जाऊन बसला.

"काका, बाहेर या!"

"नाय."

"अहो, कणगी परत येईल."

"मरनाच्या दाखल्यात माझ्या नवशीला पुरुष लिवलंय. तो दुरुस्तीला जिल्ह्यालाच गेलाय. कवा येल?"

मॅडम गोड हसल्या. "तुम्हीही चला ना सोबत."

"येतो. पन परत आनून कोन सोडील, तेवडं सांगा."

मॅडमनी शिपायाकडे पाहिलं, शिपायाने ड्रायव्हरकडे, ड्रायव्हरने सरांकडे. सर फळा पुसू लागले.

जीपमध्ये शेवटी कणगीऐवजी 'पाणी वाचवा'चा तक्ता चढला. त्याला अडवून बसणारं कुणी नव्हतं.