ट्रायचा पाढा

"हे टेबल इथून हलवावं लागेल, विष्णू," क्लबचा डॉयल म्हणाला आणि विष्णू टेबलापुढे आडवा उभा राहिला.

त्या टेबलावर गणपती होता. नुसता आणून ठेवलेला असता तर प्रश्नच नव्हता. पण सकाळी त्याची रीतसर प्राणप्रतिष्ठा झाली होती, दूर्वा वाहून झाल्या होत्या, पहिला नैवेद्यही दाखवून झाला होता. लेस्टरच्या या रग्बी क्लबचा हॉल मंडळाला मिळाला होता तो शनिवार-रविवारसाठी. शुक्रवारी फक्त मांडामांड करायची आणि संध्याकाळी हॉल मोकळा करून द्यायचा, कारण सातला क्लबच्या वार्षिक क्विझची फायनल. इतकं सरळ ठरलं होतं.

पण मंडळाचे अध्यक्ष कमलाकरकाका सरळ गोष्ट सरळ राहू देणाऱ्यांतले नव्हते. चाळीस वर्षं याच गावात चष्म्याचं दुकान चालवून सगळ्या जगाला आपल्यापेक्षा कमी दिसतं अशी त्यांची खात्री झाली होती. त्यांनी पंचांग लेस्टरच्या वेळेत उतरवलं, तर चतुर्थी इथे शुक्रवारी सकाळीच लागत होती. "बाप्पाला काय वीकेंडची वाट बघायला लावायची?" असं म्हणून त्यांनी मांडामांडीला आलेल्या चार डोक्यांत प्रतिष्ठा उरकून टाकली. विष्णू तेव्हा ऑफिसच्या मीटिंगमध्ये होता.

"दोन तास स्टोअररूममध्ये ठेवा," डॉयल म्हणाला. "स्क्रीन नेमका त्याच्या मागे आहे. क्विझ घेणारी केट बसणार कुठे?"

विष्णूने काकांकडे पाहिलं. "काका, दोनच तास म्हणतोय तो."

"विष्णू, तू पुण्याचा ना रे? मूर्ती हलवायची म्हणजे उत्तरपूजा. उत्तरपूजा म्हणजे विसर्जन. उद्या दोनशे लोक येतायत दर्शनाला. त्यांना काय दाखवू, रिकामा पाट?"

मंडळाचा सेक्रेटरी म्हणून विष्णूचं हे पहिलंच वर्ष. 'विष्णूच्या वेळी बाप्पा एका दिवसात उठले' हे वाक्य लेस्टरपासून कॉव्हेंट्रीपर्यंत प्रत्येक बारशाला, प्रत्येक मुंजीला आपल्याला ऐकवलं जाणार, हे त्याला स्वच्छ दिसत होतं.

त्यात हॉल मिळाला होता तोच मुळी एका थापेवर. डॉयल आयर्लंडचा, कॉर्क गावचा. हॉलच्या किल्ल्या त्याच्याकडे. पहिल्या भेटीत भिंतीवरची हिरवी जर्सी पाहून विष्णू म्हणाला होता, "आयर्लंडची टीम म्हणजे आपला जीव की प्राण!" वास्तविक रग्बी म्हणजे फुटबॉलची शिस्त बिघडलेली आवृत्ती, एवढीच त्याची समजूत होती. पण डॉयल विरघळला, हॉल मिळाला, आणि किल्ली घ्यायला गेलं की प्रश्न सुरू झाले. कुणी किती ट्राय केले? ट्राय म्हणजे चेंडू घेऊन रेघेपलीकडे लोळण घ्यायची, हे विष्णूने घरी येऊन शोधलं. मग त्याने मराठी माणूस जे करतो तेच केलं. पाठांतर. निवृत्त खेळाडूंची यादी त्याने पाढ्याच्या चालीत बसवली: "ओड्रिस्कॉल शेहेचाळीस, अर्ल्स छत्तीस, बो तीस, हिकी एकोणतीस, हॉर्गन एकवीस..." आकडे चालीत इतके झकास बसले की तीन आठवडे गाडीत, न्हाणीघरात तेच चाललं होतं. अडचण एकच. शाळेतही त्याला 'सात सत्ते?' विचारलं की 'सात एके'पासून यावं लागायचं. मधूनच उडी मारता येत नसे.

एकदा बसवलेला देव हलवता येत नाही, हे विष्णू डॉयलला समजावतोय तेवढ्यात मिस्टर हारग्रीव्हज आले. हे हॉल कमिटीचे चेअरमन, आणि क्विझमध्ये डॉयलच्या विरुद्ध टीमचे कॅप्टन. त्यांनी मूर्तीकडे पाहिलं, घड्याळाकडे पाहिलं.

"टेबल हलवा, नाहीतर बुकिंग कॅन्सल."

"थांब," डॉयल म्हणाला. "आपला रिवाज काय? फायनल हरलेल्यांनी जिंकणाऱ्या कॅप्टनची एक मागणी मुकाट्याने मान्य करायची. मी जिंकलो तर हा देव तिथेच राहील. हरलो तर मी स्वतः उचलून बाहेर नेतो. तोवर केट बारपाशी उभी राहून प्रश्न विचारेल."

"तुझा चौथा माणूस तर पाठ धरून घरी झोपलाय."

"चौथा हा!" डॉयलने विष्णूच्या पाठीवर थाप मारली. "आयरिश ट्राय याच्या जिभेवर आहेत."

विष्णू मागच्या मागे स्वयंपाकघराकडे सरकला. तिथल्या खिडकीतून मंजिरी, त्याची बायको, मोदकाच्या कळ्या पाडता पाडता पाहत होती. "तुला काय येतं रे रग्बीतलं?" ती कुजबुजली.

"पाढा येतो," विष्णू म्हणाला.

क्विझ सुरू झालं. दीड तास विष्णू मान डोलवत बसला. काका मूर्तीजवळ खुर्ची टाकून, हातात घंटा घेऊन पहाऱ्याला बसले होते. शेवटी दोन्ही टीम बरोबरीत आल्या. आता एकेक प्रश्न, टीमने आधी निवडलेल्या विषयावर, एकाच माणसाने दहा सेकंदांत सांगायचं उत्तर. हारग्रीव्हजचा माणूस चुकला. डॉयलचा विषय अर्थातच आयर्लंडचे ट्राय. त्याने विष्णूकडे बोट केलं.

"कीथ वुड," केट म्हणाली. "आयर्लंडसाठी किती ट्राय?"

वुड! पाढ्याच्या पार शेपटाला! विष्णूने डोळे मिटले. ओड्रिस्कॉल शेहेचाळीस, अर्ल्स छत्तीस, बो तीस, हिकी...

"अहं, अहं!" हारग्रीव्हज मोठ्याने खाकरले.

साखळी तुटली. हिकीचे किती? काही आठवेना. पुन्हा पहिल्यापासून! ओड्रिस्कॉल शेहेचाळीस... काकांचे डोळे त्याच्यावर, त्याचे मिटलेले, आणि बाप्पाचे कुठे होते ते बाप्पालाच ठाऊक. विष्णूची चालच हरवली.

आणि स्वयंपाकघरातून टाळीचा ठेका आला. तीन आठवडे तेच तेच ऐकून मंजिरीचे हात आपोआप चालू लागले होते.

"ऑब्जेक्शन!" हारग्रीव्हज म्हणाले.

"टाळी वाजवणं म्हणजे उत्तर सांगणं नाही," केट म्हणाली. "तीन सेकंद."

हॉर्गन एकवीस, डेम्प्सी एकोणीस, मर्फी अठरा, मलिन सतरा, ट्रिम्बल सतरा, वुड...

"फिफ्टीन!" विष्णू ओरडला.

"करेक्ट!"

डॉयलने त्याला उचलून गिरकी दिली. काकांनी घंटा बडवली. मंजिरी पिठाच्या हातांनी बाहेर धावली. विष्णूला खरोखर रडू आलं. एवढा आनंद त्याला व्हिसा मिळाला तेव्हाही झाला नव्हता. त्याने बाप्पापुढे कपाळ टेकलं आणि कान पकडून थापेची माफीही मागून टाकली.

तेवढ्यात काकांनी बाही ओढून त्याला बाजूला घेतलं. त्यांचा चेहरा उतरला होता.

"विष्णू, कुणाला बोलू नकोस. तू विचार करत होतास ना, तेव्हा मी सहज घड्याळाकडे पाहिलं आणि सकाळचा हिशेब पुन्हा मांडला. चतुर्थी भारतात दुपारी तीनला लागते. त्यातून मी साडेपाच तास वजा केले."

"मग?"

"सध्या समर टाइम आहे रे, इथलं घड्याळ तासभर पुढे. साडेचार वजा करायचे."

विष्णूने हिशेब केला. चतुर्थी इथे लागली साडेदहाला. काकांनी प्रतिष्ठा केली पावणेदहाला.

"म्हणजे ती प्रतिष्ठा..."

"तृतीयेत झाली. ती धरायची नाही. उद्या सकाळी पुन्हा करू, गुपचूप."

"म्हणजे काका, दिवसभर टेबलावर नुसती शाडूची मूर्ती होती? आणि दोन तास स्टोअरमध्ये..."

"हळू बोल!" काका म्हणाले, कारण समोरून हारग्रीव्हज येत होते. हरलेला इंग्रज जितका सभ्य असतो तितका कुणीच नसतो. त्यांनी विष्णूशी हस्तांदोलन केलं, बाप्पाकडे आदराने पाहिलं.

"मला सांगा, एक कुतूहल म्हणून विचारतो. आता याला खरंच इंचभरसुद्धा हलवता येत नाही?"

काका छताकडे पाहू लागले. उत्तर सेक्रेटरीनेच द्यायचं होतं. विष्णूने डोळे मिटले, ओड्रिस्कॉलपासून सुरुवात केली, आणि वुडपर्यंत पोचल्यावरच तोंड उघडलं.

"इंचभरसुद्धा नाही, सर."